चिकट रेडिओसाठी सर्किटचे पैसे देऊ नका

सासूबाईंची सकाळ आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राने सुरू होते. त्यांचा रेडिओ दहा-अकरा वर्षांचा, वरून रबरासारखा मऊ काळा थर दिलेला. यंदाच्या पावसाळ्यात तो इतका चिकट झाला की हातात घेतला की बोटं काळी व्हायची, आणि उचलला तर टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद बुडाला चिकटून वर यायचा. आवाज मात्र खणखणीत. हे मुद्दाम सांगतेय, कारण खरी गोम इथेच आहे.

चिपळूणला बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. दुकानदाराने नुसतं बोट लावलं आणि म्हणाला, "वहिनी, आतलं केमिकल बाहेर येतंय. सर्किट गेलंय. म्हातारं माणूस वापरतं ना? मग रिस्क घेऊ नका." बदलायचे १,८५० रुपये. सासूबाई रेडिओ उशाशी घेऊन झोपतात, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. पैसे दिले. पावती मागितली तर म्हणाला, "गॅरंटी माझ्या तोंडची."

तीन दिवसांनी रेडिओ परत मिळाला. कोरडा, गुळगुळीत, पावडरचा मंद वास. आठवड्याभरात पुन्हा चिकट झाला आणि बटणांच्या फटींत पांढरे गोळे दिसायला लागले. परत गेले तर "हा वेगळा प्रॉब्लेम" म्हणत त्याने बिनलेबलची एक बाटली हातात ठेवली, २५० रुपयांना. वास हुबेहूब नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. कापसाने मागच्या कोपऱ्यावर जेमतेम चोळलं, तर थराखालचं प्लास्टिकच मऊ पडलं, पांढुरकं झालं आणि कापसाचे तंतू त्यात रुतून बसले. ते तंतू आजही तिथेच आहेत.

दिवाळीला भाचा आला. त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. रेडिओ उलटा करून त्याने मला मागचा गोल स्टिकर दाखवला. एक स्क्रू त्याच्याखाली असतो. स्टिकर फाडल्याशिवाय रेडिओ उघडतच नाही. स्टिकर जसाच्या तसा, कडसुद्धा उचललेली नव्हती. सर्किट बदलणं सोडाच, त्या माणसाने रेडिओ उघडलाही नव्हता. वरून पावडर चोळून १,८५० रुपये घेतले होते.

भाच्याने सांगितलं ते असं: हा थर बहुधा पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षं त्याची रेणूंची साखळी तोडत राहते आणि शेवटी तो विरघळल्यासारखा चिकट होतो. कोकणातल्या दमट हवेत तर हे व्हायचंच. जुना माऊस, टॉर्च, दुर्बीण, हेअर ड्रायरची मूठ, सगळ्यांचं हेच होतं. बिघाड असतो तो वरच्या थराचा, आतल्या यंत्राचा नाही. पावडरीने चिकटपणा चार दिवस दबतो, इतकंच. आणि त्या बाटलीत ॲसिटोन किंवा थिनर असणार. बरंचसं प्लास्टिक त्याने खराब होतं.

मग आम्ही सेल काढले, खिडक्या उघडल्या, गॅस बंद ठेवला, कारण थर काढायला आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल (सफाईसाठी वापरतात तो स्पिरिटसारखा द्रव) लगेच पेट घेतं. आधी बुडाशी, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहिलं. मग जुन्या सुती धोतराचे तुकडे अल्कोहोलने ओले करून, न ओतता, हळूहळू पुसत गेलो. थर काळ्या डांबरासारखा गोळा होऊन निघत होता. फडकं काळं झालं की टाकायचं, नाहीतर तीच घाण पुन्हा पसरते. बटणांच्या कडेला दात कोरायची काडी लागली. दीड तास गेला. खाली साधं, घट्ट, चकचकीत काळं प्लास्टिक निघालं. थराबरोबर बटणांवरची अक्षरंही गेली, म्हणून चालू-बंदच्या बटणावर मी लाल ठिपका दिलाय. सासूबाईंना तो बोटानेही कळतो.

पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला. त्यांनी विचारलं, "बिल आहे का?" माझ्याकडे होती फक्त ती बिनलेबलची बाटली.