म्युनिकची खोली आणि गेलेले १,७७० युरो

आकडे आधी सांगते, कारण ते डोक्यातून जातच नाहीत. डिपॉझिट १,१८० युरो, पहिल्या महिन्याचं भाडं ५९० युरो, एकूण १,७७०. बँकेने त्या दिवशी युरो १०३ रुपये १० पैशांनी लावला, म्हणजे १,८२,४८७ रुपये, वर चार्जेस ८८५. तारीख २१ ऑगस्ट २०२५, गुरुवार. गणपती सहा दिवसांवर आले होते आणि बाबांनी त्याच सकाळी एफडी मोडली होती. म्युनिकला श्वाबिंगमध्ये जी खोली मी घेतली, ती कधी नव्हतीच.

"एवढी शिकलेली मुलगी, तरी फसली" हे ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून माझी बाजूही ऐका. पुण्यातल्या कॉलेजातून एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजसाठी माझी निवड झाली. हॉस्टेलसाठी मुदतीत अर्ज केला, उत्तर आलं की वेटिंग लिस्टवर आहात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढ्यासाठी खोली द्यायला कोणी तयार नसतं. मी ६३ जणांना मेसेज केले, उत्तरं चार आली, तीही नकाराची. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सहा महिन्यांचे ५,९५२ युरो अडकले होते. तिकीट काढलेलं होतं. आई रोज रात्री विचारायची, खोलीचं काय झालं? अशा वेळी कोणी नीट, सभ्यपणे बोललं तर माणूस विश्वास ठेवतोच.

आणि तो घरमालक म्हणवणारा खरंच सभ्य बोलायचा. फ्लॅट स्वतःचा, नोकरी बार्सिलोनात, त्यामुळे दाखवायला येता येत नाही. पैशाची घाई त्याने एकदाही केली नाही. उलट मलाच विचारलं, सिगारेट ओढता का, रात्री उशिरा फोनवर बोलायची सवय आहे का. करार सहा पानी, जर्मनमध्ये. मी तो ओळ न् ओळ भाषांतर करून वाचला. रात्री दहानंतर आवाज करू नये, कचरा कुठल्या डब्यात टाकावा, सगळं त्यात होतं. भाडंही फुकटात वाटावं असं नव्हतं. ३०० म्हणाला असता तर मी पळाले असते. ५९० म्हणजे बाकीच्यांपेक्षा शंभर-दीडशेने कमी, एवढंच.

आता ती शनिवारची संध्याकाळ. पैसे पाठवायच्या पाच दिवस आधीची. आई आणि मी लॅपटॉपवर स्वयंपाकघराचा फोटो बघत होतो. आई म्हणाली, "मोठा कर जरा, मिक्सर कुठे लावशील बघू." मी मोठा केला. ओट्याच्या वर भिंतीत सॉकेट होतं, तीन चौकोनी भोकांचं, शेजारी चालू-बंदचं बटण. आई म्हणाली, "बरंय, आपल्यासारखं बटण आहे." माझ्या पायाशी उघडी बॅग होती आणि तिच्यात मी आदल्या दिवशी तुळशीबागेतून २५० रुपयांना आणलेला अडॅप्टर होता, दोन गोल पिनांचा, जर्मनीचा. जर्मनीत सॉकेट गोल आणि खोलगट असतं, त्याला दोन भोकं असतात आणि बाजूला बटण नसतं. हे मला माहीत होतं! माहीत होतं म्हणून तर अडॅप्टर आणला होता. फोटोतलं सॉकेट इंग्लंडचं होतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, अडॅप्टर हाताच्या अंतरावर होता, आणि मी म्हणाले, "हो गं, मिक्सर बसेल तिथे." आजही झोपताना ते सॉकेट दिसतं.

दुसरी खूण बँकेत दिसली. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जर्मनीच्या 'डीई'ने नाही, 'ईएस'ने सुरू होत होता, म्हणजे खातं स्पेनमधलं. तो बार्सिलोनात राहतो म्हटल्यावर ते पटलं. पण खातेदाराचं नाव वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, बायको असो नाहीतर आणखी कोणी. आणि जर्मन कायद्यात डिपॉझिट तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. राहायला जायच्या पाच आठवडे आधी सगळं डिपॉझिट मागतो म्हणजे काय, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

२६ सप्टेंबरला पोचले. चावी शेजाऱ्यांकडे ठेवली आहे असं त्याने कळवलं होतं. पत्ता खरा होता, इमारतही खरी. तिथे बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनावं असतात. दोन बॅगा पायाशी ठेवून मी ती पाटी वरून खाली तीनदा वाचली. त्याचं आडनाव नव्हतं. एक आजी बाहेर आल्या, माझ्या हातातला करार बघितला आणि तीन बोटं वर केली. या महिन्यात तिथे येऊन उभी राहिलेली मी तिसरी होते.

ऑक्टोबरफेस्ट, म्युनिकचा मोठा बिअरचा उत्सव, चालू होता, त्यामुळे सगळं महाग. आठ जणांच्या खोलीतल्या एका कॉटचे त्या रात्री ९४ युरो दिले. दुसऱ्या दिवशी ऑग्सबुर्गला गेले, तिथे ११ रात्रींचे ३९६ युरो. डॉइचलँडटिकीट, म्हणजे लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, काढून रोज ट्रेनने म्युनिकला ये-जा. शेवटी तिथल्या मराठी मंडळींमध्ये ओळख झालेल्या नाशिकच्या एका ताईंनी स्वतः जाऊन एक खोली बघितली, व्हिडिओ कॉलवर दाखवली, आणि मग मी पैसे दिले. असं कोणीतरी शोधा. ओळख नसली तरी विचारा, लोक जातात.

आता ज्यांनी मदत करायची, त्यांच्याबद्दल. बँकेला मी पोचले त्याच रात्री फोन केला, तर पैसे परत मागवायला शाखेत लेखी अर्ज लागतो म्हणाले. दुसरा दिवस चौथा शनिवार, मग रविवार. बाबा सोमवारी गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की समोरच्या खातेदाराची संमती मिळाली नाही. चोराची संमती! स्विफ्टची, म्हणजे बँकेने परदेशी पैसे पाठवल्याच्या संदेशाची, प्रत मागितली तर त्यालाही चार दिवस. ती पैसे पाठवतानाच घेऊन ठेवा.

बाबा सायबरच्या ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा, "मुलगी जर्मनीत आहे ना, मग गुन्हा तिकडचा." तिसऱ्यांदाही तेच. पैसे पुण्यातून गेले, मेसेज पुण्यात आले, तरी गुन्हा तिकडचा कसा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. बाबांना मी हे लिहून दिलं होतं, त्यांनी तो कागद पुढे केला, तर पोलीस म्हणाले, कायदा आम्हाला शिकवू नका. माझे बाबा ३१ वर्षं शाळेत शिकवतात. घरी येऊन ते त्या दिवशी जेवले नाहीत. म्युनिकच्या पोलिसांनी तक्रार घेतली, नंबर दिला आणि विचारलं, पैसे भारतातून गेले तर भारतात तक्रार केली का? जानेवारीत एक पान आलं, आरोपीचा शोध लागत नसल्याने तपास थांबवत आहोत. आणि आमच्या कॉलेजचं ऑफिस, ज्यांनी "राहण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची" असं एका ओळीत कळवलं होतं, त्यांनी नोव्हेंबरमध्ये माहितीपत्रकासाठी माझा हसरा फोटो मागितला. मी पाठवला नाही.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाची सही लागते. पैसे देण्याआधीच विचारा, सही देणार का? टाळाटाळ केली तर सोडून द्या.

पैशापेक्षा मोठी गोष्ट मला उशिरा कळली. त्याने स्वतःचा म्हणून पासपोर्ट पाठवला होता, मीही करारासाठी माझा पाठवला होता, त्यावर कसलीही खूण न करता. कोणालाही कॉपी देताना तिच्यावर तारीख आणि कशासाठी देताय ते आडवं लिहा. फेब्रुवारीत इंदूरच्या एका मुलाचा मला मेसेज आला, मॅडम, बर्लिनची खोली तुमचीच ना? त्याला घरमालकीण म्हणून माझा पासपोर्ट आला होता. त्याने शोधून विचारलं म्हणून वाचला. बाकीच्यांनी विचारलं नसेल. तुमच्याकडे २००४ साली साताऱ्यात जन्मलेल्या मुलीचा पासपोर्ट घरमालकिणीचा म्हणून आला, तर ती मी आहे. माझं युरोपात कुठेही घर नाही. पैसे पाठवू नका.