‘फॉरमॅट करून बघा’ म्हणत मुदत संपवतात : १ टीबीच्या खोट्या पेनड्राइव्हचा अनुभव

स्वस्तात मिळाला म्हणून मोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह मागवला, सुरुवातीला नीट चालला आणि आता फाइली उघडत नाहीत, सारखा फॉरमॅट मागतोय, अशी तुमची गत झाली असेल तर हे आधी वाचा आणि मगच फॉरमॅटच्या बटणाकडे वळा. तुम्ही तेच बटण दाबत बसावं आणि त्यात दिवस जावेत, हीच विकणाऱ्याची इच्छा असते.

सांगली जिल्ह्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मी आणि माझे धाकटे दीर मिळून तो चालवतो. लग्नसराईत शूटिंगचा डेटा ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून एका मोठ्या शॉपिंग साइटवरून १ टीबीचा पेनड्राइव्ह मागवला. किंमत ८९९ रुपये. चार स्टारच्या वर रेटिंग, आणि खाली अभिप्रायांची रांग: ‘छान आहे’, ‘पूर्ण १ टीबी दाखवतो’, ‘वेळेत मिळाला’. हे अभिप्राय लिहिणारे बहुतेक खरं बोलणारेच असतील असं मला आज वाटतं. त्यांनी ड्राइव्ह लावला, स्क्रीनवर १ टीबी दिसलं, दोन-चार फोटो टाकले आणि स्टार दिले. या फसवणुकीचा डाव त्यावरच उभा आहे.

आम्हीही भरवशानं काम सुरू केलं. पहिल्या काही कार्यक्रमांचे व्हिडिओ त्यावर गेले, पुन्हा उघडून पाहिले, सगळे चालले. परत करायची सात दिवसांची मुदत सरली. पुढे एका लग्नाचं पूर्ण शूटिंग त्यावर घेतलं. कॉपी होताच दिरांनी तीन-चार क्लिपा चालवून पाहिल्या, त्याही चालल्या, आणि कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी मोकळी केली. एडिटिंगला बसल्यावर त्यांनी हाक मारली, “वहिनी, हळदीचं फोल्डर उघडतच नाही.”

फोल्डरचं नाव जागेवर होतं. उघडायला गेलं की ‘फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही’ असा संदेश. बाहेर सुट्या पडलेल्या क्लिपांची नावं बरोबर, तारखा बरोबर, आकारही बरोबर, पण चालवली की काळी चौकट. मग विंडोजनं स्वतःच ‘ड्राइव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करायचा का?’ असं विचारलं. दुरुस्ती चालवल्यावर ‘फाउंड’ नावाचं एक फोल्डर तयार झालं आणि त्यात ‘सीएचके’ शेपटीच्या फाइलींचा ढीग पडला. त्यातली एकही चालेना.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर लगेच आलं, आणि फार गोड भाषेत. “मॅडम, प्रॉडक्टमध्ये दोष नाही, फाइल सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.” (फाइल सिस्टीम म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत; एक्सफॅट, एनटीएफएस, फॅट३२ हे तिचे प्रकार.) डेटा वाचेल या आशेवर आम्ही थांबलो होतो, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ‘एनटीएफएस करून बघा’. मग ‘दुसऱ्या पोर्टला लावा’. मग ‘पार्टिशन (म्हणजे ड्राइव्हचा विभाग) काढून नवं करा’. प्रत्येक उपायाआड एक-दोन दिवस जात होते, आणि साइटवर तक्रार नोंदवायचा विषय काढला की पुढचा उपाय हजर व्हायचा.

त्यात एक संदेश तर घातक होता. डिस्कपार्ट नावाच्या विंडोजच्या आज्ञांची तयार यादी त्यांनी पाठवली: डिस्क १ निवडा, क्लीन करा, नवं पार्टिशन करा. आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क आहेत. त्यातली डिस्क १ म्हणजे जुन्या ग्राहकांचा सगळा साठा! पेनड्राइव्हचा क्रमांक २ होता. दिरांनी आधी ‘लिस्ट डिस्क’ ही आज्ञा देऊन आकार ताडून पाहिले म्हणून तो साठा वाचला. क्लीन ही आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारत नाही, विभागणीचा तक्ता तिथल्या तिथे पुसते. कुणाच्याही पाठवलेल्या यादीतला डिस्कचा आकडा जसाच्या तसा टाइप करू नका. प्रत्येक कॉम्प्युटरवर तो वेगळा असू शकतो.

फॉरमॅट करण्याआधी आम्ही जवळच्या शहरातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. त्यानं सॉफ्टवेअर लावून स्क्रीन आमच्याकडे वळवली. नवरीच्या नावाचं फोल्डर, क्लिपांची यादी, सगळं दिसत होतं. “डेटा आहे ताई, काढून देतो,” म्हणाला आणि चार हजार ॲडव्हान्स घेतले. नंतर ‘चिप गेली’ असं कारण सांगून त्यानं हात वर केले. पैसे परत मिळाले नाहीत. रिकव्हरीवाला नावांची यादी दाखवत असेल तर त्याला तिथेच एक फाइल, तीही नंतर टाकलेली, चालवून दाखवायला सांगा. आमच्या ड्राइव्हवर ती चालणं शक्यच नव्हतं, कारण तो डेटा कुठे लिहिलाच गेला नव्हता. न लिहिलेलं जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

हे आम्हाला कळलं ते पुण्यात, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. तिथे वर्षानुवर्षं दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका काकांना आम्ही पार्टिशनची तक्रार सांगितली. विक्रेत्याच्या सांगण्यावरून आम्ही ड्राइव्हचे दोन भाग केले होते. पहिला भाग व्यवस्थित फॉरमॅट व्हायचा. दुसऱ्याला मात्र ‘विंडोजला फॉरमॅट पूर्ण करता आलं नाही’ असा संदेश यायचा, आणि ड्राइव्ह काढून लावला की तो भाग ‘रॉ’, म्हणजे फॉरमॅटच न झालेला, दिसायचा. काकांनी मध्येच थांबवून विचारलं, “ताई, याची कपॅसिटी खरी आहे का, ते कुणी तपासलं का?”

पेनड्राइव्हमध्ये दोन मुख्य वस्तू असतात. डेटा साठवणारी फ्लॅश मेमरीची चिप आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर. आपल्यात जागा किती, हे कॉम्प्युटरला कंट्रोलर सांगतो, आणि कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. तिकडे जाऊन मोजत नाही. बनावट ड्राइव्हमध्ये कंट्रोलरच्या आतलं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्राम) बदलून तो आकडा फुगवलेला असतो. सातबाऱ्यावर तीस एकर आणि जागेवर एकच एकर, असा तो मामला. खऱ्या चिपची जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. ती भरली की पुढे येणारा डेटा कंट्रोलर टाकून देतो आणि कॉम्प्युटरला ‘लिहिलं’ असं कळवतो. काही ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून जुन्यावरच लिहीत सुटतात. तो प्रकार आणखी वाईट, कारण आधी टाकलेलं चांगलंही त्यात जातं.

आता आमच्या प्रत्येक खुणेचा अर्थ लागला. फाइलींची नावं ज्या तक्त्यात असतात तो ड्राइव्हच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या चिपवर होता, म्हणून नावं टिकली. हळदीचं फोल्डर जागा संपल्यावर बनलं होतं, त्यामुळे त्याच्या आतली यादीच हवेत गेली. कॉपी झाल्याबरोबर क्लिपा चालल्या, कारण विंडोज नुकत्याच कॉपी केलेल्या फाइली बऱ्याचदा रॅममधूनच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतून, वाचून दाखवतं. ड्राइव्ह काढून पुन्हा लावेपर्यंत खरं काय ते कळत नाही. आणि दुसरा पार्टिशन सुरूच होत होता चिप संपल्यानंतर. त्याची पहिली ओळसुद्धा लिहायला जागा नव्हती.

फॉरमॅटचंही तसंच. क्विक फॉरमॅट म्हणजे मुख्यतः सुरुवातीचे तक्ते नव्यानं लिहिणं. ते खऱ्या चिपवर पडतात, म्हणून फॉरमॅट ‘यशस्वी’ होतं, पुन्हा १ टीबी दिसतं, पुन्हा पहिल्या फाइली चालतात. विक्रेता याच जोरावर ‘बघा, झाला ना चालू’ म्हणतो. शिवाय फॉरमॅट केल्यावर ‘डेटा ग्राहकानेच पुसला’ असं म्हणायला तो मोकळा.

काकांनी एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. हे सॉफ्टवेअर रिकाम्या ड्राइव्हवर एकेक जीबीच्या फाइली भरतं आणि मग परत वाचून ताडून पाहतं. अख्खा १ टीबी तपासायचा तर सेकंदाला १० एमबीच्या वेगानं नुसतं लिहायलाच २७-२८ तास लागतात, म्हणून त्यांनी ६४,००० एमबीच भरायला सांगितले. अहवालात लाल पट्टी आली: २९.१ जीबी ठीक, ३३.४ जीबी डेटा गेला. आतली चिप ३२ जीबीची होती. लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफथ्री हे सॉफ्टवेअर करतं. २०२३ मध्ये आलेलं व्हॅलिड्राइव्ह तर विंडोजवर ड्राइव्हभर पसरलेल्या ५७६ ठिकाणी नमुना तपासणी करून थोड्या वेळात निकाल देतं. तिन्ही फुकट आहेत.

एक खूण तर पहिल्याच दिवशी समोर होती असं काका म्हणाले, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. कंपन्या १ टीबी म्हणजे हजार अब्ज बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे खऱ्या १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोजमध्ये साधारण ९३१ जीबी दिसतात, खऱ्या २ टीबीवर १.८१ टीबी. आमच्यावर ९७६ दिसत होते! एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला ते पुरे.

फॉरमॅटची प्रत्येक अडचण म्हणजे फसवणूक, असं मात्र समजू नका. जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणत असेल तर ड्राइव्ह फॅट३२ मध्ये आहे. त्यात ४ जीबीची एक फाइल बसत नाही, एक्सफॅट केलं की काम होतं. ड्राइव्ह अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाला, म्हणजे काही लिहूच देईना, तर चांगल्या कंपनीचा ड्राइव्हही आयुष्य संपताना तसं वागतो. तेव्हा आधी आतलं वाचून दुसरीकडे घ्यावं. पण ठरावीक आकारानंतरच्याच फाइली खराब निघत असतील तर फॉरमॅट, पार्टिशन, पोर्ट बदलणं, सगळं बाजूला ठेवा आणि क्षमता तपासा. काम महत्त्वाचं असेल तर नवा ड्राइव्ह वापरण्याआधीच तपासा, परत करायची मुदत हातात असताना.

त्या लग्नात नवरीच्या आजीनं हळद दळताना जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या. त्या रेकॉर्डिंगची मागणी नवरीच्या वडिलांनी आवर्जून केली होती. विधी आणि वरात दुसऱ्या कॅमेऱ्यावर असल्यानं वाचली, ओव्या गेल्या. वडिलांना मी घरी जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, “आजीला आता तेवढं गाता येत नाही हो,” एवढंच म्हणाले. ८९९ रुपयांत कुणाचं काय नेलं, हे तो ड्राइव्ह विकणाऱ्याला कधी कळणारही नाही, आणि म्हणूनच मला त्याचा संताप येतो.

आम्ही तपासणीचा अहवाल जोडून साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. ‘मुदत संपली’ हे उत्तर इथे टिकत नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, असंही त्यात आहे. ड्राइव्हचे पैसे आम्हाला परत मिळाले. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असंही एकदा ऐकवलं गेलं. माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनी हे लक्षात ठेवा, स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूत धरलेली नाही. तेवढ्यावरही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क पडत नाही.

तक्रार लिहिताना ‘पेनड्राइव्ह खराब आहे’ असं लिहू नका. त्यावर पुन्हा ‘फॉरमॅट करा’ हेच उत्तर येतं. आमचं काम पुढे सरकलं ते या मजकुरानं, हवा तर आकडे बदलून वापरा: “जाहिरातीत व बिलावर क्षमता १ टीबी आहे. तपासणीत प्रत्यक्ष क्षमता २९.१ जीबी आढळली, अहवाल सोबत जोडला आहे. वस्तू बनावट असून वर्णनाशी जुळत नाही. हा फाइल सिस्टीमचा दोष नाही, त्यामुळे फॉरमॅट किंवा पार्टिशनचे उपाय सुचवू नयेत. पूर्ण रक्कम परत करावी आणि ही वस्तू विक्रीतून काढावी.”