जुनं घर घेताना रंग आणि फॉल्स सीलिंगच्या मागे काय लपवलं होतं ते वाचा

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कोणी जुनं घर विकत घेत असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा. आम्ही आंधळेपणाने घर घेतलं नव्हतं, इंजिनीअरकडून तपासणी झाली होती, रिपोर्ट हातात होता, मालकाला समोर बसून विचारलं होतं की गळती आहे का, तडे आहेत का, कुठे दुरुस्ती झालीये का, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. एजंटने ज्याला "स्वतंत्र इंजिनीअर" म्हणून आणलं तो त्याच एजंटच्या सगळ्या घरांचे रिपोर्ट करतो हे नंतर कळलं, आणि विकायच्या आधी ह्याच घराची जी डागडुजी झाली तीही त्याच्याच देखरेखीखाली झाली होती. म्हणजे ज्याने झाकलं त्यानेच तपासलं.

पहिल्याच पावसात बेडरूमच्या फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग आला. पीओपी कापून बघितलं तर वर स्लॅबचं काँक्रीट ठिकठिकाणी पडलेलं आणि सळया उघड्या, हाताने चोळलं तर गंजाचे पापुद्रे सुटत होते, काही ठिकाणी सळई निम्मी झिजलेली. आणि त्यावर चक्क पुट्टी मारलेली होती! लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलत राहतो आणि तुकडे पडत जातात, हे वरून लिंपून थांबत नाही, उलट गंज किती पसरला ते दिसायचं बंद होतं. ज्या कारागिराने ते सीलिंग बसवलं होतं तो शोधून काढला, त्याने सरळ सांगितलं की मी मालकाला सळया दाखवल्या होत्या, तो म्हणाला तू झाक, बाकीचं मी बघतो. आम्ही त्या खाली झोपत होतो, पोरं झोपत होती, अजून आठवलं की हातपाय गार पडतात.

मग आमचे आम्ही, कोणाशी संबंध नसलेले स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलावले. त्यांनी आधी कुठलंही मशीन काढलं नाही, नुसते दरवाजे उघडबंद करत फिरले. मागच्या खोलीचा दरवाजा वरच्या कडेला एका बाजूने तिरका रंधलेला, लाकूड ताजं दिसत होतं. म्हणजे चौकट वाकडी झाली, दार अडकायला लागलं, आणि कोणीतरी दारच तासून टाकलं. त्याच भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी भेग होती, ती भरून रंग दिलेला, पण ती परत उघडायला लागली होती. प्लास्टरवर केसासारख्या बारीक रेषा जवळपास प्रत्येक घरात असतात, त्याने घाबरायचं नाही, पण तिरकी भेग, एका टोकाला रुंद, विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी, जोडीला अडकणारी दारं, हे दिसलं की पाया एका बाजूने खचतोय का ते बघावंच लागतं. त्यांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली, काच तडकली तर समजायचं हालचाल अजून चालू आहे. आमची तडकली.

वायरिंगचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण त्यात जीव जाऊ शकतो. तीन पिनचे सॉकेट सगळीकडे नवे कोरे, पण मागे अर्थिंगची वायरच नाही, सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून एक छोटा तुकडा अर्थच्या टर्मिनलला जोडलेला! असं केलं की तीन लाईटवाला प्लग टेस्टर "सगळं ठीक" दाखवतो, म्हणूनच करतात. पण कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रिज, वॉशिंग मशीन ज्याचा पत्रा असेल त्याच्यात करंट येतो, आणि न्यूट्रल शाबूत असतानाही, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेली असली तरी पत्र्यावर आलेली गळती न्यूट्रलनेच परत जाते म्हणून तो स्विच ट्रिप होत नाही. एक सॉकेट उघडून आत बघायला इलेक्ट्रिशियनला किती वेळ लागतो? तेवढंही त्या रिपोर्टवाल्याने केलं नाही, किंवा केलं आणि लिहिलं नाही.

बाथरूममध्ये गॅस गीझर आणि हवा जायला जागा नाही, कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. गच्चीचा कठडा हलत होता. ही दोन कामं आम्ही लगेच करून घेतली.

आता तो रिपोर्ट परत वाचते तेव्हा दिसतं की त्यात खोटं कमी आणि पळवाटा जास्त आहेत. "सीलिंगमुळे पाहणी करता आली नाही", "फर्निचरमुळे भिंत दिसली नाही", "दृश्य भाग समाधानकारक", आणि शेवटी मोठ्या अक्षरात घर राहण्यायोग्य. जे बघितलंच नाही त्याच्यावर राहण्यायोग्य हा शिक्का कसा मारला ह्याचं उत्तर तो अजून देत नाहीये. तुमच्या रिपोर्टमध्ये अशी वाक्यं असतील तर पैसे द्यायच्या आधी नेमकी तीच जागा उघडायला सांगा, सीलिंगचा एक चौकोन कापू द्या, कपाट सरकवा, स्लॅब आणि टाईल्स ठोकून बघा, पोकळ असेल तिथे बद्द आवाज येतो. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का ते विचारा. मालक कापू देत नसेल तर तिथेच थांबा. आणि मालकाचं "दुरुस्ती झालेली नाही" हे लेखी, सहीसकट घ्या, आमच्याकडे ते मेसेजवर होतं म्हणून वकील निदान केस उभी राहते म्हणतायत.

सध्या बेडरूममध्ये स्लॅबला लोखंडी टेकू लावलेत आणि ती खोली बंद आहे. कारागिराने जबाब लिहून दिलाय, तक्रार दाखल केली आहे. कोणाला अशाच केसमध्ये एजंट आणि तपासणाऱ्याला दोघांनाही पार्टी करता आलं असेल तर कसं केलं ते नक्की सांगा.