ईसीएम गेलाय म्हणतात: नवा घ्यायचा, भंगारातला बसवायचा, की आहे तोच रिपेअर करायचा?

"साहेब, ईसीएम गेलाय." (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर.) हे वाक्य मी आत्तापर्यंत दोनदा ऐकलंय, एकदा माझ्या पेट्रोल हॅचबॅकसाठी आणि एकदा मेहुण्याच्या डिझेल गाडीसाठी, आणि दोनपैकी एकदाच ते खरं निघालं. म्हणून नवा, जुना आणि रिपेअर असे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवायच्या आधी एक चौथा पण धरा, तो म्हणजे ईसीएमला हातच लावायचा नाही. सगळ्यात स्वस्त तोच पडतो.

माझ्या गाडीचं असं होतं की खंबाटकी घाट चढताना गरम झाली की बंद, अर्धा तास बॉनेट उघडून उभं राहिलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. आधी क्रँक सेन्सर बदलला, मग पंपाचा रिले बदलला, मग एक दिवस स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले बिघाड वाचणाऱ्या मशीनवर, चार-पाच सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदम आले आणि गॅरेजवाला म्हणाला इतके सेन्सर एकावेळी जात नाहीत, ईसीएमच आहे, नवा ३८ हजार. त्याचं अर्धं बरोबर होतं. सेन्सर एकदम जात नाहीत, पण बऱ्याच सेन्सरना लागणारे ५ व्होल्ट ईसीएम आतून एकाच ठिकाणाहून देतो, आणि त्यातला एक सेन्सर शॉर्ट झाला किंवा एक सोललेली वायर बॉडीला टेकली की ती सगळी लाइन खाली बसते आणि सगळेच मेल्यासारखे दिसतात. दुसऱ्या वायरमननं मल्टिमीटर त्या ५ व्होल्टवर लावून ठेवला, इंजिन तापू दिलं, आणि वायरिंग हलवत हलवत गेला. थ्रॉटलकडे जाणारी एक वायर उंदरानं कुरतडलेली आणि ती ब्रॅकेटला घासायची. साडेतीनशे रुपये. (क्रँक सेन्सरचे गेले ते गेलेच.)

तर ईसीएमवर बोट ठेवायच्या आधी एवढं स्वतः उभं राहून करून घ्या. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनची लाइट लागते का बघा, अजिबात लागत नसेल तर ईसीएमला करंट किंवा अर्थिंग मिळत नसण्याची शक्यता आधी धरायची, म्हणजे फ्यूज, मेन रिले, अर्थिंगचे पॉइंट. आणि हे नुसत्या मल्टिमीटरनं बघू नका, कारण वायरीचा एक केस जरी शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो पण लोड आला की तीच वायर हात वर करते, म्हणून जुने वायरमन ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) काढून त्यातल्या करंट आणि अर्थिंगच्या पिनांवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पेटवून बघतात. पूर्ण उजेड पडला तर सप्लाय ठीक. बॅटरीचं पण तेच, उभ्या गाडीत १२.६ असेल पण सेल्फ मारताना ९ च्या खाली जात असेल तर ईसीएम मधेच रीसेट होऊ शकतो आणि कोड तर काहीही येतात. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर बॅटरी काढून स्कॅनर लावायच्या सॉकेटमधे ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधे ओहम मोजा, बहुतेक गाड्यांत साधारण ६० यायला हवेत, १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय. हा सगळा खेळ तासाभराचा आहे आणि तो न करता जो माणूस थेट भाव सांगतो त्याच्याकडून गाडी उचला, दुसरं काय.

ईसीएम खराब असल्याच्या बाजूनं पुरावा म्हणजे पी०६०१ ते पी०६०६ मधले कोड, ते ईसीएमच्या मेमरी, प्रोग्रामिंग नाहीतर प्रोसेसरबद्दलच असतात. ते पण बॅटरी वीक असताना खोटे येऊ शकतात, म्हणून पुसायचे आणि परत येतात का बघायचं. दुसरा पुरावा म्हणजे एकच इंजेक्टर (इंधन फवारतो तो) किंवा एकच कॉइल (ठिणगी देते ती) बंद, तिथपर्यंतची वायर ठीक, पार्ट अदलाबदल करून बघितला तरी तोच सिलेंडर बंद. म्हणजे ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, त्या इंजेक्टर-कॉइलला चालवणारी चिप, जळालाय. पण तो उगाच जळत नाही हो. बरेचदा कॉइल किंवा इंजेक्टर शॉर्ट असतो, आणि तो तसाच ठेवून नवा ईसीएम लावलात तर नवा पण त्याच वाटेनं जातो. पुढचे तिन्ही पर्याय ह्या एका गोष्टीवर अडतात: मेला तो कशानं मेला ते कळलं का?

आता मेहुणा. चिपळूणला राहतो, जुलै २०२१ चं पाणी माहितीच आहे. त्याची गाडी पूर्ण बुडाली नाही, कार्पेटच्या वरपर्यंत पाणी आलं, वाळवली, चालू पण झाली, आम्ही पेढे वाटले. सात-आठ महिन्यांनी कधी चालू होईना, कधी मधेच एक सिलेंडर गायब, शेवटी स्कॅनर जोडलाच जाईना. त्या गाडीत ईसीएम डाव्या सीटच्या पुढे डॅशबोर्डच्या खाली बसतो. उघडला तर एका कोपऱ्यात हिरवं-पांढरं. ओल आत राहिली आणि बॅटरी जोडलेली असली की आतल्या सर्किट बोर्डवरचं तांबं हळूहळू खाल्लं जातं, त्यामुळे पाण्याचा मार दिसायला महिने लागतात.

त्यानं तिन्ही दारं ठोठावली म्हणून तुलना फुकट मिळाली.

नवा: शोरूमनं ५२ हजार सांगितले, प्रोग्रामिंग वेगळं, तीन आठवडे थांबा. फायदा स्वच्छ आहे, पार्टवर वॉरंटी, चावी, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू होऊ देत नाही ते), चासी नंबर सगळं त्यांच्याच मशीनवर रीतसर बसतं आणि उद्या गाडी विकताना प्रश्न नाही. तोटा पैशाचा, आणि त्याहून मोठा हा की इलेक्ट्रिकल पार्ट एकदा उघडला की सहसा परत घेत नाहीत, म्हणजे निदान चुकलं तर ५२ हजारांची शोपीस. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, त्यांनाच करू द्या आणि बाहेर कुणाला कव्हर पण उघडू देऊ नका. बीएस६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल तरी मी आधी इकडेच झुकेन, कारण त्यातल्या बऱ्याच ईसीएमना कुलूप कडक असतं, कंपनीच्या सर्वरला जोडल्याशिवाय कोडिंग होत नाही. इन्शुरन्सवर फार विसंबू नका, साध्या पॉलिसीत मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत, पुरात थेट बुडून गेला ती गोष्ट वेगळी, आणि मेहुण्यानं त्या वेळी क्लेमच टाकला नव्हता.

भंगारातला: कुर्ल्याहून ९ हजारांत आला. पार्ट नंबर सेम टू सेम, लावला, सेल्फ फिरतोय, गाडी चालू नाही, चावीचा दिवा लुकलुकतोय. होणारच, कारण तो ईसीएम दुसऱ्याच गाडीच्या चावीला ओळखतो. "प्लग अँड प्ले आहे" असं दुकानदार म्हणाला तर एवढंच विचारा की इमोबिलायझरचं काय. जुन्या, इमोबिलायझर नसलेल्या गाड्यांत चालतं तसं. बाकीच्यांत तुमच्या मेलेल्या बोर्डवरची मेमरी, म्हणजे ती आठ पायांची छोटी चिप आणि मोठी फ्लॅश, वाचून ह्या बोर्डवर उतरवावी लागते, त्याला क्लोन म्हणतात, चार-पाच हजार अजून. क्लोन नीट झाला तर चावी, चासी नंबर, डिझेलमधे इंजेक्टरवर छापलेले कोड सगळं जसंच्या तसं येतं, नाहीतर ते कोड प्रत्येक इंजेक्टरवरून वाचून परत टाकत बसायचं. आणि अट अशी की जुना बोर्ड वाचता येण्याइतका तरी जिवंत हवा. भंगारातल्या पार्टची खरी भीती वेगळीच आहे. मेहुण्याच्या त्या ९ हजारवाल्याचा कपलर उघडला तर पिनांच्या बुडाशी बारीक गाळ. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण-महाड, त्या बुडालेल्या गाड्यांचं सामान कुठेतरी जातंच की. पुरातून वाचायला पुरातलाच पार्ट घेतला, असं बायको अजून त्याला ऐकवते. दुकानदार पैसे परत नाही, बदली देतो म्हणाला.

रिपेअर: पुण्यात बोर्डचं काम करणाऱ्याकडे पाठवला, ७,५०० आणि नऊ दिवस, सहा महिने वॉरंटी. बोर्ड धुतला, खाल्लेले ट्रॅक (तांब्याच्या रेषा) जंपर म्हणजे बारीक वायर टाकून जोडले, एक ड्रायव्हर आयसी (चिप) बदलला. सगळ्यात मोठा फायदा हा की मेमरी तुमचीच राहते म्हणून लावला की चालू, चावी प्रोग्रामिंग नाही काही नाही. तोटा असा की गाडी तेवढे दिवस उभी, काही बोर्ड जेलमधे बुडवलेले असतात ते उघडतानाच तुटू शकतात, आणि प्रोसेसरच गेला असेल तर कुणी हात लावत नाही. आणि माणूस चांगला पाहिजे. चांगला कसा ओळखायचा तर तो काम घ्यायच्या आधी मेमरीचा बॅकअप घेतो, काय जळालं त्याचा फोटो पाठवतो आणि "हा आयसी जळाला म्हणजे तुमची अमुक कॉइल तपासा" असं स्वतःहून सांगतो. नुसतं "झालं साहेब, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

तर माझं मत विचाराल तर आठ-दहा वर्षांची गाडी असेल आणि बिघाड बोर्डवर दिसत असेल तर आधी रिपेअर. तो जमला नाही तर भंगारातला, पण क्लोन करून, आणि पैसे द्यायच्या आधी कव्हरच्या कडा आणि पिना टॉर्च मारून बघून. नवा सगळ्यात शेवटी, किंवा गाडी नवी असेल तर सगळ्यात आधी. आणि तुमचा मूळ बोर्ड कुणालाही "जमा" म्हणून देऊ नका, दुकानदार हमखास मागतो. क्लोन बिघडला तर तुमच्या गाडीची मेमरी फक्त तिथेच आहे.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह काढूनच कपलर काढा-लावा. बसवल्यावर पहिले एक-दोन दिवस रनिंग थोडं वरखाली होऊ शकतं, गाडी थ्रॉटलचं परत शिकते, त्यावर लगेच घाबरून गॅरेज गाठू नका. पावसाळ्याआधी काचेच्या खालच्या जाळीतला पालापाचोळा काढा, बऱ्याच गाड्यांत ते पाणी तुंबलं की डॅशबोर्डच्या खालीच उतरतं. मेहुण्याची अजून चालतेय, फक्त आता तो पाऊस लागला की गाडी घरासमोर न ठेवता वर चढावर नेऊन लावतो.