हिरडीचं कलम: टाळूतलं की तयार कोलॅजनचं?

हिरडी मागे सरकून दाताचं मूळ उघडं पडलं, की डॉक्टर बहुधा दोन पर्याय सांगतात. दोन्हींत जागा बधिर करून हिरडी सैल करतात, खाली कलम, म्हणजे झाकण्यासाठीचा पातळ तुकडा, सरकवतात आणि टाके घालतात. फरक कलम कुठून येतं याचा.

टाळूतून घेतलेल्या आतल्या थराचं कलम 1985 पासून रूढ आहे आणि मूळ झाकण्यात आजही तेच सरस मानलं जातं. किंमत मोजावी लागते ती टाळूच्या जखमेची. खरं सांगायचं तर हिरडीपेक्षा टाळूच जास्त छळतो. गरम चहाचा घोट घेतला की कळतं! ही जखम भरायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात.

तयार कोलॅजनच्या (शरीराच्या ऊतींतलं एक प्रथिन) पट्टीत ही दुसरी जखमच नाही, वेळही कमी लागतो. पण सरासरी मूळ थोडं कमी झाकलं जातं आणि साहित्याचा खर्च वाढतो. शिवाय बऱ्याच पट्ट्या डुकराच्या ऊतींपासून बनतात. शाकाहारी असाल किंवा धर्माने वर्ज्य असेल, तर आधीच विचारा.

पुढचं पथ्य सारखंच: सुमारे दोन आठवडे तिथे ब्रश नाही, फक्त औषधी चूळ, मऊ वरणभात, भाकरी-चिवडा बंद. मिशरी, तंबाखू, सिगारेट सुटत नसेल तर मात्र कुठल्याही कलमाचा निकाल खालावतो.

एकाच दातासाठी मी टाळूच निवडेन. चार-पाच दात असतील, तर टाळूत तेवढा ऐवज आहे का ते आधी तपासून घ्यावं.