दोन मतं जास्तीची : शाळेसाठी मागवलेल्या डमी ईव्हीएमचा अनुभव

आमची शाळा दारव्हा तालुक्यातली. शालेय मंत्रिमंडळ आजवर हात वर करून निवडलं जायचं, म्हणजे ज्याचे दोस्त दांडगे त्याचे हात जास्त. यंदा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून 3,850 रुपयांची डमी ईव्हीएम ऑनलाइन मागवली. कुरिअर गावापर्यंत आलंच नाही, तालुक्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणली.

दिसायला झकास. केंद्राध्यक्षाजवळचं कंट्रोल युनिट, मतदारासमोरचं बॅलट युनिट, निळी बटणं, लांब बीप, सगळं हुबेहूब. पक्षांची चिन्हं नकोत म्हटल्यावर पोरांनी कापसाचं बोंड, डवरा (पिकातलं तण काढायचं औत) आणि घागर घेतली. खाली नोटा. आठवीतल्या एकानं विचारलंच, "सर, हा नोटा कोन्या वर्गातला पोट्टा हाये?"

पहिली अडचण केबलची. खऱ्या मशीनची केबल 5 मीटर असते, ही जेमतेम हातभर. केंद्राध्यक्ष मी, आणि मतदार जवळजवळ माझ्या मांडीवर! शेवटी भिंतीकडे तोंड करून, एकेका मतदाराला मत द्यायला मशीन मोकळं करणारं बॅलटचं बटण दाबत बसलो.

खरा घोळ मोजणीला. रजिस्टरवर सह्या 143, मशीनमध्ये मतं 145. बोंड 51, डवरा 50, घागर 36, नोटा 8. एका मताचा फरक आणि दोन मतं जास्तीची! खऱ्या मशीनमध्ये एक मत पडलं की केंद्राध्यक्षानं पुन्हा बॅलट दिल्याशिवाय दुसरं पडत नाही. इथे बटण दाबून धरलं की कधीकधी दोनदा नोंद होते. चूक माझीही. निवडणूक ड्यूटीवर किमान 50 मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घेतो, इथे पाच मतांत भागवलं होतं.

फेरमतदान शनिवारी सकाळच्या शाळेत, कागदावर. तिथे मी विधान परिषदेच्या आमच्या शिक्षक मतदारसंघाची पद्धत लावली. आम्ही आमदार निवडतो तो पसंतीक्रमानं, आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं 1, 2, 3 लिहून. पोरांना आदल्या दिवशी फळ्यावर समजावलं, तरी 140 पैकी 9 जणांनी टिकमार्क करून मत बाद करून घेतलं. वैध 131, त्याच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे जिंकायला लागणारा कोटा 66. पहिल्या पसंतीत बोंड 48, डवरा 46, घागर 37. घागर बाद झाली, तिचे कागद दुसऱ्या पसंतीनं वाटले. 23 डवऱ्याकडे, 9 बोंडाकडे, 5 जणांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती. डवरा 69, बोंड 57. एकेक कागद इकडून तिकडे जाताना वर्गात चिडीचूप होती. मशीननं दोन मिनिटांत दिलेल्या निकालाला अशी शांतता नव्हती.

बोंडवाला मात्र उखडला. "सर, मशीनवर मी पुढे होतो. मंग नियम बदलवले तं कसं चालन?" मागून आवाज आला, "सरपंचाचे नाही बदलत काय बे?" खरंच आहे ते. 2017 ला सरपंच थेट गावातून, 2020 ला पुन्हा सदस्यांतून, 2022 ला परत थेट. त्या दिवशीचा नागरिकशास्त्राचा तास पोरांनीच घेतला, मी फक्त खडू दिला. नियम मतदानाआधी सांगितले होते म्हणून डवरा कायम राहिला. बोंडवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मशीनला पाचपैकी अडीच तारे. पसंतीक्रम तिला जमत नाही, ते एकवेळ ठीक. खऱ्या ईव्हीएमलाही जमत नाही. पण दोनदा नोंद होणं अक्षम्य. तक्रार केली तर कंपनीचं उत्तर आलं, "मुलांना बटण हळू दाबायला सांगा." केबल मात्र गावच्या टीव्ही मेकॅनिकनं 120 रुपयांत चार मीटर करून दिली.