रीपर आणि रीनिंजॅम : २४ सेकंद मागे असलेल्या मैत्रिणीबरोबर जॅझ

आधीच सांगते, हा रीपरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या प्रोग्रामचा, सगळा रिव्ह्यू नाहीये, तो लिहायचा म्हटलं तर पुस्तक होईल. दोन जणांना लांब राहून कॉम्प्युटरवर एकत्र जॅझ करायचा असेल तर रीपर आणि त्याच्यासोबतच येणारा रीनिंजॅम नावाचा प्लगइन (नेटवरून एकत्र वाजवायचा जोड-प्रोग्राम) कितपत कामाचा, एवढंच लिहितेय. आमची जोडी अशी: मी पियानो, म्हणजे खरं तर मिडी कीबोर्ड (जो स्वतः आवाज करत नाही, कुठला सूर किती जोरात दाबला ते कॉम्प्युटरला कळवतो), मैत्रीण टेनर सॅक्सोफोन. दोघी वेगवेगळ्या शहरांत. बेस आणि ड्रम्स मी रीपरमध्ये मिडीवर बनवते.

याआधी आम्ही एक सबस्क्रिप्शनवालं लाइव्ह जॅमिंग सॉफ्टवेअर वापरत होतो, नाव घेत नाही. त्याचा दावा होता की समोरासमोर बसल्यासारखं वाजवता येईल, आणि संथ गाण्यांना खरंच थोडंफार जमायचंही, पण स्विंग (जॅझची झुलती लय) आला की सगळं घसरायचं. दोघींनाही वाटायचं की समोरची मागे पडतेय म्हणून आपण जरा थांबूया, मग ती पण थांबायची, आणि मिनिटाला १४० ठोक्यांवर सुरू केलेलं गाणं पाच मिनिटांत १२० वर आलेलं असायचं. साधा हिशोब आहे. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३० मिलिसेकंद उशीर म्हणजे समोरची दहा मीटरवर उभी राहून वाजवतेय. २०० च्या टेम्पोला एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, त्याचे स्विंगसाठी तीन तुकडे केले की एक तुकडा १०० चा. त्यातले ३०-४० नेटनेच खाल्ले तर उरलं काय?

त्यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. जॅझमधला सोलो वाजवणारा मुद्दामच ठोक्याच्या किंचित मागे असतो. २०२२ मध्ये जर्मनीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास छापला होता, त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये सोलोचे ठोक्यावरचे सूर अगदी थोडे मागे सरकवले, मधले ऑफबीट जागच्या जागी ठेवले, आणि जॅझ वाजवणाऱ्यांना ऐकवल्यावर त्यांना तेच जास्त स्विंग वाटलं. हा मागेपणा साधारण तीस मिलिसेकंदांचा खेळ. म्हणजे नेटमुळे होणारा उशीर आणि मैत्रिणीने जीव ओतून केलेला उशीर एकाच मापाचे, आणि माझ्या कानाला ते वेगळे कळणार कसे? मी महिनाभर तिला "अगं मागे पडतेयस" म्हणत होते आणि ती बिचारी बरोबर वाजवत होती.

निंजॅमने, म्हणजे रीनिंजॅम ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरने, हा प्रश्न सोडवलाच नाहीये, त्याने तो बाजूलाच ठेवलाय, आणि मला ती युक्ती प्रचंड आवडली. २००५ मध्ये जस्टिन फ्रँकेलच्या कॉकोस कंपनीने हे आणलं, हा तोच माणूस ज्याने १९९७ मध्ये विनॅम्प हा एमपी३ प्लेअर बनवला होता. कल्पना अशी की उशीर टाळता येत नाही ना, मग तो इतका मोठा करा की तो संगीताच्या मापात बसेल. तुम्ही ठरवायचं की एक फेरी किती ठोक्यांची. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर मेट्रोनोम आपापला चालतो, स्वतःचं वाजवणं लगेच ऐकू येतं, आणि समोरच्याचं जे ऐकू येतं ते बरोब्बर एक फेरी आधीचं. ठोका तिथल्या तिथे, सम तिथल्या तिथे, फक्त आवर्तन मागचं. आपल्याकडे तबल्याच्या साथीला लेहरा धरतात तो जसा फिरून फिरून समेवर येतो, डोक्यात तसंच चित्र ठेवा, फक्त इथे लेहरा म्हणजे एक जिवंत माणूस आहे जो दर फेरीला वेगळं वाजवतोय.

आता जॅझवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट. सार्वजनिक सर्व्हरवर १६ किंवा ३२ ठोक्यांची फेरी दिसते, ती तशीच ठेवून ब्लूज वाजवायला गेलात तर पाचव्या बारला (एक बार म्हणजे चार ठोके) वाट लागते. एफमधला साधा १२ बारचा ब्लूज घ्या, पहिले चार बार एफ सेव्हन कॉर्ड, पाचव्या-सहाव्याला बी फ्लॅट सेव्हन. फेरी १६ ची असेल तर तुम्ही बी फ्लॅटवर पोचलात तेव्हा कानात समोरचीचे एफचे चार बार वाजत असतात. फेरी ४८ ठेवा. १२ बार गुणिले ४. मग तिचा पहिला बार तुमच्या पहिल्या बारवर येतो, तिचा टर्नअराउंड (पुन्हा सुरुवातीकडे नेणारे शेवटचे बार) तुमच्या टर्नअराउंडवर, एकही कॉर्ड दुसऱ्या कॉर्डवर चढत नाही. १२० च्या टेम्पोला ४८ ठोके म्हणजे २४ सेकंद. आम्हाला हे कळायला दोन शनिवार गेले म्हणून इथे लिहून ठेवतेय.

पहिले २४ सेकंद विचित्र वाटतात. मेट्रोनोम आणि तुम्ही, बाकी शांतता. मग फेरी पलटते आणि एकदम सॅक्सोफोन येतो, आणि तो स्वच्छ येतो, तुटत नाही, कारण तो थेट पळत येत नसतो, आधीच येऊन पोचलेला असतो. मी तिच्या एका कोरसला (कोरस म्हणजे गाण्याचं एक अख्खं आवर्तन) साथ करते, ती पुढचा कोरस वाजवत असते आणि तिला ऐकू येत असते मी तिच्या दोन कोरस आधीच्या वाजवण्याला दिलेली साथ. वाचायला गुंता वाटेल, वाजवताना नाही वाटत. उलट एक फरक पडला, मी ऐकायला लागले. समोरासमोर वाजवताना मी तिच्या फ्रेजच्या आधीच अंदाजाने कॉर्ड मारून मोकळी व्हायचे, इथे माझ्या वाजवण्याने तिचा हा कोरस बदलणार नाही हे माहीत असतं, तो वाजून गेलाय, त्यामुळे त्याच्या मधल्या मोकळ्या जागा शोधायच्या आणि तेवढ्याच भरायच्या. माझं कॉम्पिंग, म्हणजे कॉर्डची साथ, या तीन महिन्यांत जेवढं हलकं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

जे होत नाही ते पण सांगते. ट्रेडिंग फोर्स होत नाही, म्हणजे चार बार तू चार बार मी असा जो सवाल-जवाब असतो तो. फेरी १६ ची केली तरी सवाल तिच्यापर्यंत पोचेपर्यंत एक फेरी जाते, ती तो पूर्ण ऐकून मग जवाब देणार म्हणजे दुसरी, तो माझ्यापर्यंत यायला तिसरी, तोवर सवाल काय होता ते मीच विसरलेले असते. एकमेकींकडे बघून टेम्पो वाढवणं नाही. गाण्याचा शेवट तर अजिबात नाही, मी थांबले तरी ती २४ सेकंद माझ्या कानात वाजतच असते. तुम्हाला हेच हवं असेल आणि दोघं एकाच गावात चांगल्या वायर्ड नेटवर असाल तर जॅम्युलस किंवा सोनोबससारखं कमी लेटन्सीवालं, म्हणजे कमी उशीर करणारं, घ्या, हे नका घेऊ.

रेकॉर्डिंगबद्दल मात्र मी तासभर बोलू शकेन. सेशन मल्टिट्रॅक सेव्ह होतं, प्रत्येकीचा ट्रॅक वेगळा. समोरचीचं जे आपल्याकडे येतं ते ऑग व्हॉर्बिसमध्ये (एमपी३ सारख्या प्रकारात) दाबलेलं असतं, ऐकायला पुरतं पण अंतिम मिक्सला नको, म्हणून दोघी आपापला आवाज आपल्याकडे वेव्हमध्ये, म्हणजे न दाबता, घेऊन ठेवतो आणि नंतर फाइल पाठवतो. आणि आता गंमत बघा. दोन्ही ट्रॅक रीपरमध्ये एकाखाली एक ठेवले तर जे वाजतं ते आमच्यापैकी कोणीच ऐकलेलं नसतं. तिचा ट्रॅक २४ सेकंद पुढे सरकवला की मी जे ऐकत वाजवलं ते गाणं मिळतं. त्याऐवजी माझा ट्रॅक २४ सेकंद पुढे सरकवला की तिने ऐकलेलं. एका संध्याकाळीतून तीन वेगळी गाणी, आणि तिन्हींत हार्मनी जुळते कारण फेरी अख्ख्या कोरसची आहे! आम्ही बहुतेक वेळा माझ्या कानावाली आवृत्ती ठेवतो कारण पियानोने सॅक्सोफोनला दिलेली उत्तरं त्यात जागेवर पडतात. पण एकदा मधलीच, कोणी न ऐकलेली, इतकी सुंदर लागली होती की ती म्हणाली, "अगं हे आपणच वाजवलंय ना?"

कोणी म्हणेल हा जॅझच नाही, जॅझ म्हणजे एका खोलीत एका क्षणी. मला हे पटत नाही. जॅझवादक सिडनी बेशेने १९४१ मध्ये एकट्याने सहा वाद्यं एकावर एक रेकॉर्ड केली होती, पियानोवादक बिल इव्हान्सने १९६३ मध्ये स्वतःच्याच पियानोवर पियानो, त्यावर अजून एक पियानो. ते आपल्याच मागच्या टेकला ऐकून वाजवत होते, आम्ही एकमेकींच्या. ऐकणं खरं असेल तर मला पुरे आहे.

रीपरच्या बाजूने बोलायचं तर प्रोग्राम छोटासा आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो, ६० दिवस काही न अडवता पूर्ण वापरता येतो. प्रोजेक्ट फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते त्यामुळे ऑडिओ एकदा पाठवून झाला की नंतरचे बदल मेलवर टिचभर फाइलमध्ये जातात. सेव्ह करताना सगळी मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय आहे तो पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर समोरचीकडे उघडल्यावर अर्धे ट्रॅक रिकामे. रीनिंजॅममध्ये रीपरचा टेम्पो सेशनशी जुळवायची आणि फेरीच्या सुरुवातीलाच प्लेबॅक चालू करायची सोय आहे, माझे मिडी ड्रम्स त्यामुळेच जागेवर बसतात. त्याची खिडकी मात्र फार जुनाट दिसते आणि कुठलं बटण कशासाठी ते कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर राउटरवर पोर्ट उघडावा लागतो, ज्यांना ते जमत नाही त्यांनी कोणाची तरी मदत घ्यावी, एकदाच करायचं काम आहे.

मोठी उणीव आवाजांची. रीपर जवळजवळ रिकाम्या हाताने येतो, ना पियानो ना अपराइट बेस ना ब्रशेसने वाजवलेले ड्रम्स. पियानोसाठी सॅलमँडर ग्रँड फुकट मिळतो, यामाहा सी ५ पियानोचे सँपल्स (रेकॉर्ड केलेले सूर) आहेत, जोराचे १६ थर, तो सफोर्झांदो या सँपल-प्लेअरमध्ये टाकून वाजवते आणि हळू वाजवलं की खरंच हळू वाटतं, जॅझला तेच लागतं. बेसचा आवाज अजून मनासारखा सापडला नाहीये.

ड्रम्सचा स्विंग हा वेगळा विषय आहे पण एक सांगून टाकते. रीपरच्या मिडीत एका ठोक्याचे ९६० टिक असतात, सरळ वाजवलं तर ठोक्यामधला दुसरा सूर ४८० वर, स्विंगसाठी तीन तुकडे केले तर ६४० वर. मी सुरुवातीला राइड सिंबलचे (ड्रम्समधली मोठी झांज) मधले सगळे सूर ६४० ला चिकटवले आणि ते शिवणाच्या मशीनसारखं वाजलं. खरे ड्रमर टेम्पोप्रमाणे ते बदलतात, संथ गाण्यात सूर अजून उशिरा, फार जलद गाण्यात जवळजवळ सरळ. आता मी राइड हातानेच कीबोर्डवर वाजवते, क्वांटाइझ (सूर आपोआप ठोक्यावर सरकवायची सोय) अर्ध्यावर ठेवते, आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्याचा जोर वाढवते. सॅक्सोफोनला तर क्वांटाइझ लावायचंच नाही, कितीही मोह झाला तरी. तिचं मागे असणं तिचं आहे.

जॅझसाठी माझ्याकडून ५ पैकी ४. एक आवाजांमुळे आणि त्या खिडकीमुळे कापला.

शेवटाचं आम्ही असं जमवलंय की चॅटमध्ये "अजून दोन" लिहायचं, चॅट लगेच पोचतो, संगीताच्या आधी, मग दोघी दोन कोरस मोजून थांबतो आणि शेवटचे चार बार नंतर वेगळे रेकॉर्ड करून जोडतो. येत्या शनिवारी ३२ बारचं गाणं लावणार आहोत, १२८ ठोक्यांची फेरी, १६० चा टेम्पो, म्हणजे ४८ सेकंद. तिने आत्ताच मेसेज केलाय की पहिल्या फेरीत ती काहीच वाजवणार नाही, नुसती मोजणार आहे.